दोरीचा रंग कुणासाठी?

अमेरिकेत मासेमारीच्या सामानाच्या कुठल्याही मोठ्या दुकानात दोरीच्या रिळांची एक अख्खी भिंत असते. एकाच कंपनीची, एकाच जाडीची, तेवढाच ताण सोसणारी विणलेली दोरी तिथं पाच-सहा रंगांत टांगलेली दिसते. शेवाळी हिरवी, झगझगीत पिवळी, पांढरी, काळी, शेंदरी, शिवाय लष्करी गणवेशाच्या छपाईची डागाडागांची. भावात फारसा फरक नसतो. गिऱ्हाईक मात्र तिथंच अडकतं. शेवाळी रीळ उचलतं, ठेवतं, पिवळं उचलतं, दिव्याखाली धरून बघतं. तेवढ्यात शेजारचा कुणीतरी न मागता सल्ला देऊन टाकतो, पिवळी घेऊ नका, मासा बिचकतो. त्याच्या पलीकडचा लगेच म्हणतो, आम्ही कायम पिवळीच वापरतो, माशाला काय कळतंय?

हा वाद बास नावाच्या माशाभोवती जितका रंगतो तितका गोड्या पाण्यातल्या दुसऱ्या कुठल्या माशाभोवती रंगत नसेल. त्याचं कारण माशापेक्षा त्याच्या चाहत्यांत आहे. अलाबामातल्या माँटगोमेरीचा रे स्कॉट हा विमा विकणारा माणूस. त्यानं १९६७ साली आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर १०६ जणांना गोळा केलं, दरडोई १०० डॉलर प्रवेश फी घेतली आणि बास पकडण्याची स्पर्धा भरवली. पुढच्या वर्षी त्याची संघटना उभी राहिली. १९७१ मध्ये लेक मीडवर पहिली 'बासमास्टर क्लासिक' झाली. स्पर्धकांचं विमान आकाशात झेपावल्यावरच त्यांना ठिकाण सांगण्यात आलं. त्या वर्षी विजेत्याला १०,००० डॉलर मिळाले होते, अलीकडे ३ लाख मिळतात. एवढा पैसा एका माशाच्या तोंडाशी लटकत असेल तर त्याच्या नाकासमोरच्या दोरीचा रंगही चर्चेत येणारच.

मासा तसा देखणा नाही. लार्जमाउथ बास म्हणजे हिरवट अंग, कुशीवर काळसर पट्टा आणि जबडा इतका मोठा की त्याचं टोक डोळ्याच्याही मागं जातं. पाणवनस्पतीत, बुडालेल्या झाडाच्या बुंध्याशी दबा धरून बसायचं आणि समोर आलेलं बेडूक, मासोळी, खेकडा जे असेल ते पाण्यासकट आत ओढायचं, ही त्याची रीत. जॉर्जियात २ जून १९३२ रोजी जॉर्ज पेरीनं पकडलेला २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे साधारण १० किलोंचा बास हा आजही जागतिक विक्रम आहे. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याच्याहून औंसभरही जास्त नाही असा मासा काढला. नियमाप्रमाणे जुना विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त लागतात, म्हणून दोघांची नावं शेजारी शेजारी लागली.

पेरीच्या काळात आजची ही दोरी नव्हती. नायलॉन १९३८ साली जाहीर झालं आणि त्यानंतर आपल्याकडे ज्याला तंगूस म्हणतात ती एकपदरी, काचेसारखी दोरी जगभर पसरली. विणलेली, म्हणजे ब्रेडेड दोरी निराळी. तिचा धागा पॉलिथिलीनचाच, पण त्यातले रेणू अतिलांब असतात. नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेम्स्ट्रा यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस हे पॉलिथिलीन द्रावात विरघळवून जेलच्या रूपात कातायची आणि मग भरपूर ताणायची पद्धत शोधली. ताणताना रेणू एका दिशेनं ओळीत लागतात आणि धागा वजनाच्या हिशेबात पोलादाला मागं टाकतो. 'डायनीमा' आणि 'स्पेक्ट्रा' ही त्याची बाजारातली नावं. बुलेटप्रूफ जाकिटं, जहाजाचे दोर यांतून तो १९९०च्या दशकात मासेमारीच्या रिळावर आला. चार किंवा आठ पदर घट्ट विणायचे की दोरी तयार.

तिचे गुण ऐकले की तंगूस वापरणारा हेव्यानं बघतो. ३० पौंडी ब्रेडेड दोरी ८ पौंडी तंगुसाएवढीच बारीक असते, ५० पौंडी १२ पौंडी तंगुसाएवढी. ताणली तर ती फार तर तीन-चार टक्के लांबते, तंगूस कित्येक पट जास्त. त्यामुळे शंभर फुटांवर माशानं आमिषाला नुसता धक्का दिला तरी बोटांना कळतो. पाण्यापेक्षा हलकी असल्यानं ती तरंगते. गवतात अडकली तर गवत करवतीसारखं कापत येते.

मोठा दोष एकच. ती पारदर्शक नाही. तंगूस किंवा फ्लुओरोकार्बनची दोरी यांतून उजेड आरपार जातो. ही दोरी उजेड अडवते. म्हणूनच रंगाचा प्रश्न तंगुसाच्या बाबतीत जेवढा गौण, तेवढा इथं मोठा. त्यात आणखी एक गंमत आहे. पॉलिथिलीन रंग पीत नाही. धागा मुळात पांढरा, आणि दुकानात दिसणारे सगळे रंग म्हणजे त्यावर चढवलेला लेप. काही दिवस उन्हात, काठीच्या कड्यांतून ये-जा झाली की शेवाळी दोरीची शेवटची काही वावं फिकट, मळकट राखाडी होतात. म्हणजे ज्या रंगाची चर्चा चालते तो रंग माशापर्यंत पोचणाऱ्या टोकाला बऱ्याचदा उरलेलाच नसतो.

आता माशाचा डोळा. या बाबतीत बास नशीबवान, कारण त्याच्या डोळ्याची तपासणी फार आधीपासून झाली आहे. इलिनॉय राज्याच्या निसर्ग सर्वेक्षण संस्थेसाठी फ्रँक ब्राउन या प्राणिशास्त्रज्ञानं १९३०च्या दशकात टाक्यांत बास पाळून त्यांना रंग ओळखायला शिकवलं. बरोबर रंगाकडे गेलं तर खाऊ, चुकीच्या रंगाकडे गेलं तर विजेचा हलका झटका. १९३७ साली छापून आलेल्या त्याच्या निबंधाचा निष्कर्ष असा, की बासला रंग दिसतात, लाल रंग तो चटकन ओळखतो, आणि एकूण त्याची दृष्टी पिवळसर काचेचा चष्मा लावलेल्या माणसासारखी आहे. मासेमारीच्या साहित्यात हा चष्मा पुढं अनेक दशकं फिरत राहिला.

ऐंशी वर्षांनी त्याच इलिनॉयमध्ये लिसा मिचेम, रेबेका फुलर आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला; त्यांचा निबंध २०१९ साली 'करंट झूऑलॉजी' नियतकालिकात आला. त्यांनी आधी बासच्या दृष्टिपटलातल्या एकेका पेशीवर प्रकाशझोत टाकून ती कुठला प्रकाश शोषते ते मोजलं. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. बासच्या डोळ्यात दोनच निघाल्या. एक ५३५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशाला सर्वांत जागी; दुसरी ६१४ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे लालसर केशरी प्रकाशाला. माणसाची 'लाल' म्हणवली जाणारी शंकूपेशी ५६४च्या आसपास कमाल गाठते. लालच्या बाजूला बास माणसापेक्षा पुढं सरकलेला आहे. निळ्या प्रकाशासाठी वेगळी पेशीच नाही.

मग त्यांनी माशांना शिकवलं. कुठल्या माशाला लाल खुणेकडे गेलं की खाऊ मिळेल, कुठल्याला हिरव्या, कुठल्याला निळ्या, काळ्या, पांढऱ्या, पोपटी-पिवळ्या. लाल आणि हिरव्या खुणेवर शिकलेले मासे क्वचितच चुकले. निळ्यावर शिकलेले मासे काळ्या खुणेकडेही तितक्याच विश्वासानं गेले. पोपटी-पिवळ्यावर शिकलेले पांढऱ्याकडे. डोळ्यात दोनच प्रकारच्या पेशी असल्यावर हे होणारच होतं, पण टाकीतल्या माशानं ते करून दाखवल्यावर गोष्ट पक्की झाली.

दुकानातल्या त्या भिंतीकडे आता बासच्या डोळ्यानं बघा. झगझगीत पिवळी आणि पांढरी ही दोन रिळं त्याला जवळजवळ एकच. निळी आणि काळी एकच. हिरवी वेगळी, लाल वेगळी. सहा रंगांचे चार गट झाले, आणि तेही पोहण्याच्या तलावासारख्या स्वच्छ पाण्यात, चांगल्या उजेडात. 'पांढरी बिनधास्त वापरतो, पण पिवळी कधीच नाही' असं छातीठोकपणे सांगणारे शौकीन असतात. त्यांच्याशी वाद घालायची गरज नाही, पण त्यांचा मासा त्यांच्याशी सहमत नाही.

लाल दोरीची गोष्ट तर आणखी मजेदार. २००० नंतरच्या काही वर्षांत 'लाल दोरी पाण्यात अदृश्य होते' या आश्वासनावर लाल तंगुसाची जोरदार जाहिरात झाली. तर्क ऐकायला शास्त्रीय होता. स्वच्छ पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषतं, म्हणून काही फूट खाली गेलं की लाल रंग नाहीसा होतो. पहिला भाग खरा. दुसऱ्यात घोटाळा आहे. लाल प्रकाश नाहीसा होतो, लाल वस्तू नव्हे. परतवायला लाल प्रकाशच उरला नाही की ती वस्तू काळपट राखाडी दिसते, आणि हिरवट उजळ पाण्याच्या पार्श्वभूमीवर काळपट रेघ ठसठशीत उठून दिसते. शिवाय बास जिथं राहतो तिथलं पाणी बहुतेक वेळा स्वच्छ नसतंच. कुजलेल्या पानांचा चहासारखा रंग उतरलेलं पाणी निळा प्रकाश आधी खातं आणि लाल-केशरी प्रकाश खोलवर जाऊ देतं. ज्याची लाल शंकूपेशी माणसाहून तेज, त्याच्यापासून लपायला लाल रंग निवडणं हा जाहिरातवाल्यांचा धाडसीपणाच म्हणायचा.

याच धंद्यात एक प्रामाणिक प्रयत्नही होऊन गेला. ओक्लाहोमा विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ लॉरेन हिल यांनी १९८०च्या दशकात 'कलर-सी-लेक्टर' नावाचं यंत्र तयार केलं. वायरीच्या टोकाला बांधलेला प्रकाशमापक पाण्यात सोडायचा, पाणी स्वच्छ, मध्यम की गढूळ ते ठरवायचं आणि काटा ज्या रंगावर थांबेल त्या रंगाचं आमिष बांधायचं. काही वर्षं होडीहोडीत हे यंत्र दिसत होतं, नंतर ते मागं पडलं. पण त्यातली एक गोष्ट आजच्या वादात हरवलेली दिसते. यंत्र आधी पाणी विचारायचं, मग रंग सांगायचं.

कारण पाण्याखाली वस्तू दिसते ती पार्श्वभूमीच्या तुलनेत. मासा दोरीकडे बाजूनं बघत असेल तर तिच्यामागं हिरवट किंवा तपकिरी पाण्याचा पडदा असतो. त्यावर शेवाळी रेघ मिसळते, पांढरी-पिवळी उजळ उमटते. मासा खालून वर बघत असेल तर हिशेब पार उलटतो. पाण्याखालून वर बघणाऱ्याला बाहेरचं सगळं आकाश साधारण ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत आकसलेलं दिसतं. त्या झगझगीत खिडकीवर आडवी गेलेली कुठलीही अपारदर्शक दोरी काळी दिसते. संक्रांतीला भर दुपारी वर बघितलं तर मांजा गुलाबी आहे की हिरवा ते कुठं कळतं? तसंच. पृष्ठभागावर रबरी बेडूक फिरवणाऱ्यानं दोरीचा रंग निवडण्यात घालवलेला वेळ हा सबंध वायाच असतो.

आणि हे बेडूक फिरवणं म्हणजेच ब्रेडेड दोरीचं खरं घर. फ्लोरिडातलं ओकीचोबी सरोवर घ्या. १,९०० चौरस किलोमीटरच्या आसपास पसारा आणि सरासरी खोली तीन मीटरसुद्धा नाही. वारा सुटला की तळ ढवळून पाणी गढूळ होतं. काठाकाठानं बोरूसारख्या लव्हाळ्यांची आणि तरंगत्या वनस्पतींची जाडजूड गादी. त्या गादीवर पोकळ रबरी बेडूक टाकून टुणटुण उडवत आणायचा. खालून गादी फोडून बास वर आला की ५० किंवा ६५ पौंडी दोरीनं त्याला झाडोऱ्यासकट उपसून काढायचं. फ्लोरिडातल्याच टोहोपेकलिगा सरोवरात २००१ साली एका दिवसात पाच माशांचं मिळून ४५ पौंड २ औंस वजन भरवणारा डीन रोजस हा पुढं असल्या बेडकासाठीच ओळखला गेला. त्याच्या आवडत्या हिरव्या बेडकाला तो कर्मिट म्हणतो. या प्रकारात दोरी वनस्पतींवर पडलेली असते, तिच्यात आणि माशात हिरवी चटई असते. इथं मासा दोरी बघायला थांबत नाही, त्याला तेवढी सवडच नसते.

अलाबामातल्या टेनेसी नदीवरच्या गंटर्सव्हिल जलाशयातही हायड्रिला आणि मिलफॉइल या वनस्पतींची जंगलं आहेत आणि हिशेब बराचसा असाच आहे.

मिशिगन आणि ऑन्टॅरिओ यांच्यामधलं सेंट क्लेअर सरोवर मात्र दुसरं टोक. इथं लार्जमाउथचा भाऊबंद स्मॉलमाउथ बास जास्त. १९८८ मध्ये या सरोवरात झेब्रा शिंपले सापडले. युरोपातून जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर ते आले होते. हे चिमुकले शिंपले पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म शेवाळ खातात. ते अब्जावधींनी वाढले आणि पाणी पूर्वीपेक्षा खूप स्वच्छ झालं. सूर्यप्रकाश तळापर्यंत जायला लागला, वनस्पती वाढल्या आणि पकडणाऱ्यांची पंचाईत झाली. स्वच्छ पाणी, बारीक आमिष, तळाशी हळूहळू सरकवायचं. मासा त्याच्याकडे सावकाश येतो, बघतो, थबकतो. अशा वेळी आमिषाच्या नाकातून वर गेलेली जाडसर अपारदर्शक रेघ त्याला दिसणार, मग ती हिरवी असो की पिवळी. हिरवी थोडी कमी खटकेल एवढंच.

त्यावर तोडगा जुनाच आहे आणि रंगाशी त्याचा संबंध नाही. ब्रेडेड दोरीच्या टोकाला फ्लुओरोकार्बनची काही फूट पुढली दोरी जोडायची. शौकीन मंडळी तिला लीडर म्हणतात. हा पदार्थ मासेमारीत आणला तो जपानच्या कुरेहा कंपनीनं, १९७१ साली. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुओरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा १.५३ किंवा त्याहून जास्त. आकडा पाण्याच्या जितका जवळ तितका उजेड कमी वळतो आणि दोरी कमी दिसते. 'अदृश्य' हा शब्द पाकिटावर असतो, तो सोडून द्यावा. पण कमी दिसते हे खरं. आणि ती बुडते, घासली तरी ब्रेडेडपेक्षा जास्त टिकते. खडकाळ तळावर हा फायदा रंगापेक्षा मोठा.

दोन दोऱ्यांची गाठ हा मात्र हाताचा भाग. लोकप्रिय गाठींपैकी एक आहे अल्बर्टो. लीडर मुडपून फासा करायचा, ब्रेडेड दोरी त्यातून आत घालायची, फाशाच्या दोन्ही पदरांवर सात वेढे पुढं घ्यायचे, मग त्याच वेढ्यांवरून सात वेढे मागं आणायचे आणि जिथून आत शिरली होती त्याच बाजूनं बाहेर काढायची. मग गाठ ओठांत धरून थुंकीनं ओली करायची आणि चारही टोकं हळूहळू ओढायची. कोरडी ओढली तर घर्षणानं लीडर तापून कच्चा होतो. वेढे एकावर एक चढले तर सोडून पुन्हा. नीट बसली की गाठ बारीक, लांबट दिसते आणि काठीच्या कड्यांतून टिकटिक करत निघून जाते. थंडीत, हलत्या होडीत, भिजलेल्या बोटांनी हे करताना पिवळ्या दोरीची किंमत कळते, कारण वेढे मोजता येतात. शेवाळी दोरीचे वेढे पहाटेच्या अंधारात मोजून दाखवावेत.

आता मूळ मुद्दा. या भांडणात ज्या डोळ्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं तो होडीतला डोळा. माणसाची दृष्टी भर उजेडात ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पिवळट हिरव्या प्रकाशाला सर्वांत तेज असते. झगझगीत पिवळ्या दोरीवरचा लेप नेमका तिथंच चमकतो. वर तो अतिनील आणि निळा प्रकाश शोषून पिवळट हिरवा करून परत फेकतो, म्हणून आजूबाजूच्या वस्तूंपेक्षा उजळ दिसतो. तो माशासाठी केलेला नाही.

त्याचा उपयोग कुठं? प्लास्टिकचं गांडूळ सैल दोरीवर तळाकडे उतरत असतं. सैल ठेवावंच लागतं, नाहीतर ते सरळ न पडता होडीकडे झुलत येतं. सैल दोरीतून बोटाला काही कळत नाही. त्याच वेळी बास तोंड उघडतो, गांडूळ पाण्याबरोबर आत ओढतो, काही चुकीचं वाटलं तर क्षणात बाहेर फुंकतो. हाताला खबर मिळण्याआधी हा सगळा व्यवहार उरकलेला असतो. दिसतं ते एवढंच : पाण्यावर पडलेल्या दोरीला एक बारीक उचकी बसते. किंवा दोरी खाली जायची थांबते, तळ तर अजून आलेला नसतो. किंवा ती वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला सरकू लागते. ही उचकी पिवळ्या दोरीवर चाळीस फुटांवरूनही दिसते. शेवाळी दोरीवर, ढगाळ सकाळी, झाडोऱ्याच्या प्रतिबिंबात, ती दिसायला फार तरुण डोळे लागतात. ध्रुवीकृत काचांचा चष्मा थोडी मदत करतो. चाळिशी लागलेल्यांनी पिवळी दोरी घ्यावी, हा सल्ला विनोदानं दिला जातो, पण तो विनोद नाही.

उलट बेडूक किंवा वेगानं ओढायचं फिरत्या पात्यांचं आमिष असेल तर दोरी ताणलेलीच असते, धक्का हातात येतो, दोरी बघायचं कारण नाही. तिथं शेवाळी काय, पांढरी काय. शिवाय शेवाळी दोरीचा लेप उडाला तरी ती फार वाईट दिसत नाही, हाही एक व्यवहारी फायदा.

ज्यांना पिवळी दोरी हवी पण लीडरची गाठ नको, त्यांनी एक स्वस्त युक्ती काढली आहे. काळा किंवा हिरवा न पुसणारा मार्कर खिशात ठेवायचा आणि आमिषाजवळची पाच-सहा फूट दोरी त्यानं रंगवायची. मार्करचं टोक दोरीवर आडवं धरून, बोटानं दाबून दोरी त्याखालून ओढायची. मधेच दोन-दोन बोटं कोरी सोडली तर सलग रेघही मोडते. रंग तासा-दोन तासांत फिका पडतो, मग पुन्हा फिरवायचा. पॉलिथिलीन रंग पीत नाही, त्याला मार्कर तरी काय करणार.

इतकं सगळं करून मासे जास्त लागतात का? रंगाबाबत शास्त्रशुद्ध चाचण्या झाल्या त्या आमिषाच्या, दोरीच्या नव्हेत. पण त्या बोलक्या आहेत. ऑन्टॅरिओतल्या एका सरोवरात झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्लास्टिकची गांडुळं गडद, नैसर्गिक आणि भडक अशा रंगांत वापरून बास पकडले गेले. किती मासे लागले या हिशेबात रंगानं लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. प्रत्यक्ष तोंडात जाणाऱ्या वस्तूचा रंग इतका गौण ठरत असेल तर तिच्यामागच्या दोरीच्या रंगावर किती झोप उडवायची, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

त्याहून मोठी गोष्ट इलिनॉयच्या रिज लेकनं शिकवली. फॉक्स रिज स्टेट पार्कमधल्या या छोट्या तलावात १९७०च्या दशकात एक प्रयोग सुरू झाला. तिथं पकडलेला प्रत्येक बास मोजायचा, खूण लावायची आणि पाण्यात परत सोडायचा. काही वर्षांनी तलाव रिकामा केला तेव्हा १,७०० हून अधिक बास निघाले. सुमारे २०० माशांवर आयुष्यात एकदाही गळाला लागल्याची खूण नव्हती. आणि एक महाभाग एका वर्षात १६ वेळा पकडला गेला होता. पुढं डेव्हिड फिलिप आणि सहकाऱ्यांनी सहज सापडणाऱ्या आणि न सापडणाऱ्या माशांची वेगवेगळी पिल्लावळ पिढ्यान्‌पिढ्या वाढवली आणि दाखवून दिलं की गळाला लागण्याची खोड बऱ्याच अंशी वारशानं येते. १६ वेळा फसणाऱ्याला कुठलीही दोरी चालते. जे २०० कधीच लागले नाहीत त्यांच्या तोऱ्याचं कारण दोरीच्या रंगात शोधणारा माणूस आशावादी म्हणायचा.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळं दूरचं वाटेल, तर तसं नाही. आपल्या तळ्यांत आणि धरणांच्या फुगवट्यांत बासच्या तोडीचा दबेखोर आहे तो मरळ. तोही गवताच्या कडेला, कमळाच्या पानांखाली थांबतो, हवा घ्यायला वर येतो आणि बेडकावर तुटून पडतो. गेल्या काही वर्षांत इथले शौकीनही तंगूस सोडून ब्रेडेड दोरी आणि पोकळ रबरी बेडूक घेऊन मरळीमागं लागले आहेत, आणि रंगाचा तोच वाद सामानाबरोबर आयात झाला आहे. बासच्या डोळ्याचे आकडे मरळीला लावता येणार नाहीत, ते डोळे वेगळे. आकाशाच्या खिडकीवर दोरी काळी दिसते हा नियम मात्र माशाची जात विचारत नाही. गढूळ पाण्यात गवतावर बेडूक फिरवणाऱ्यानं दुकानात जी स्वस्त मिळेल ती घ्यावी.

एकच रीळ घ्यायचं असेल तर पिवळं घ्या आणि सोबत फ्लुओरोकार्बनचं छोटं रीळ घ्या. गढूळ पाण्यात लीडर नकोच, स्वच्छ पाण्यात सहा-आठ फूट, फारच स्वच्छ असेल तर त्याच्या दुप्पट. फक्त गवतातच खेळायचं असेल तर शेवाळी ५० किंवा ६५ पौंडी. मार्कर दोन्ही प्रकारांत खिशात असू द्या.

आणि गाठीनंतर कापलेली टोकं पाण्यात टाकू नका. फ्लोरिडात धक्क्यांवर जुनी तंगूस टाकायला नळकांड्या लावलेल्या असतात, ती गोळा होऊन पुनर्वापराला जाते. ब्रेडेड दोरी त्या नळकांड्यांत घेत नाहीत. तिचे फूटभराहून छोटे तुकडे करून झाकणाच्या कचरापेटीत टाकावेत, असं तिथं सांगतात. आपल्या तळ्यांच्या काठी अशा नळकांड्याही नाहीत. तेव्हा ते तुकडे खिशात घालून घरी न्या, बगळ्याच्या पायाला गुंतलेली दोरी कुठल्याही रंगाची असली तरी सुटत नाही.